तात्यांच्या घरात दिवा विझायचा

तात्या शेळके कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे. बाहेरच्या खोलीत चटई टाकलेली असो, घरातला कर्ता माणूस "या, बसा" म्हणत उभा असो, तात्यांचं तिकडे लक्षच नसायचं. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, टोपी हातात घ्यायची आणि तडक आत. आत जाऊन छप्पर बघायचं, खिडकी बघायची, स्टो कुठे ठेवलाय आणि रॉकेलचा डबा त्याच्यापासून किती लांब आहे ते बघायचं, आणि मग घरातल्या बाईला पहिला प्रश्न विचारायचा, "दिवसा घरात एकटं कोन आसतं?"

परक्या पुरुषाने चुलीपाशी येऊन असला प्रश्न विचारला तर काय होईल ते सांगायला नको. भिंगारच्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या दोन-तीन घरांनी त्यांना याच प्रश्नावरून बाहेर काढलं होतं. त्यातलं एक घर आमचं.

माझं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. दुष्काळाच्या आदलं वर्ष ते. ह्यांना नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एकात नोकरी लागली होती आणि जागा मात्र भिंगारला मिळाली होती, त्यामुळे हे सकाळी सायकल घेऊन जायचे ते संध्याकाळी यायचे. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई बेलापूरकडच्या, जिभेने तिखट. तात्या आत आले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. पिठाचा हात तसाच वर धरून त्यांनी विचारलं, "आवं, कोन तुमी? चुलीपाशी काय काम हाय तुमचं?"

"फायर," तात्या म्हणाले.

एवढंच. जणू "वीज मंडळ" किंवा "टपाल" म्हणावं तसं. सासूबाईंनी परात उगारून त्यांना बाहेर घालवलं आणि दिवसभर त्या माणसाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वाळूने भरलेली एक बादली होती, तिच्यावर घडी घातलेलं गोणपाट होतं आणि शेजारच्या ओट्यावर बसून तात्या बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून आमच्याकडे बघत होते. बिडी ते कधीच पेटवत नसत. सवय सुटली नाही म्हणून तोंडात धरायचे.

लष्कराच्या एका डेपोत आग विझवण्याच्या पथकात त्यांची सगळी नोकरी झाली होती. रिटायर झाले, पण काम सोडलं नाही. फरक एवढाच की आता त्यांना कुणी बोलावत नव्हतं. गल्लीने त्यांचं नाव बंब ठेवलं होतं. आमच्याकडे न्हाणीत पाणी तापवतात तोही बंब आणि घंटा वाजवत आगीवर जातो तोही बंबच, त्यामुळे बायकांची सोय झाली होती. तात्या वळणावर दिसले की कुणीतरी म्हणायची, "बंब तापलाय गं, दारं लावा," आणि बाकीच्या हसायच्या. तात्यांना हे ऐकू यायचं. त्यांनी कधी राग धरला नाही, आणि दार लावलेलं बघून ते कधी परतही गेले नाहीत. ते ओट्यावर बसून राहायचे, आणि दार काही जन्मभर लावून ठेवता येत नाही.

आमच्या घराची पारख त्यांनी आठवड्याभराने केली, सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा. मला म्हणाले, "ती बादली उचला." मी उचलली. "आता पळा." मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत, वाळूची बादली घेऊन मागच्या अंगणात पळाले. आजही आठवलं की मला हसू येतं. भिंतीपर्यंत जाईस्तोवर माझा श्वास फुलला आणि अर्धी वाळू सांडली. तात्यांनी मान हलवली.

"तुमच्यात मोठं लाल नळकांडं चालायचं न्हाई," ते म्हणाले. "शिनेमा थेटरात भिताडाला आसतं ना, उलटं करून आपटायचं, त्ये. लोकांना वाटतं त्येच खरं. त्यात सोडा आन ॲसिड आसतंय, बाहेर येतं निस्तं पानी. कापडाला, लाकडाला ब्येस. पन तुमचा हाय रॉकेलचा स्टो. रॉकेलवर पानी टाकलं की आग इझत न्हाई वयनी, पवती. पानी जिकडं जाईल तिकडं तिच्यावर बसून जाती. आन दुसरं म्हंजी त्ये तुमाला उचलनार न्हाई. घरातल्या सगळ्यात आशक्त मानसाला जे उचलतं, त्येच त्या घराचं."

मग त्यांनी सांडलेली वाळू परत न भरता बादली तशीच हलकी ठेवली, माझ्याकडून तीनदा उचलून घेतली, आणि ती स्टोपाशी नाही तर दाराशी ठेवली. स्टोपाशी ठेवली तर आग ओलांडून घ्यायला जाल, म्हणाले. जमलं तर पुढे भुकटीचं लहान यंत्र घ्या, ते तेलावरही चालतं आणि विजेवरही चालतं. तोवर ही वाळू, ओलं गोणपाट, आणि स्टोजवळ नायलॉनचं पातळ नेसून बसायचं नाही. नायलॉनची पातळं तेव्हा नुकतीच सगळ्यांकडे आली होती. माझ्या रुखवतातलं गुलाबी पातळ मी त्यानंतर फक्त लग्नाकार्याला नेसले.

प्रत्येक घराला त्यांचा निकाल वेगळा असायचा. बाजारातल्या एका कापडवाल्या शेटने कुठूनतरी चकचकीत पितळी पिचकारी आणून दिवाणखान्यात मांडली होती आणि आल्यागेल्याला दाखवत असे. तात्या ती बघून म्हणाले, "शेट, ही मोटारीतली हाय. हिच्यातलं औषद कोंडलेल्या खोलीत मारलं तर त्याच्या धुरानं मानूस मरतो. आग इझंल. पन इझल्याली बघायला कोन ऱ्हाईल?" शेटने ती पिचकारी काढली नाही, तात्यांचं येणं बंद केलं.

आणि दुष्काळात तर त्यांच्या वाळूची फारच दैना झाली. नळाला पाणी नाही, विहिरी आटलेल्या. भांडी घासून धुवायची कशाने? बायकांनी तात्यांच्या बादल्यांतली वाळू घेऊन भांडी कोरडीच घासायला सुरुवात केली. उरलेल्या बादल्या मांजरांनी धरल्या. तात्या रोज सकाळी गल्लीभर फिरून बादल्या तपासायचे आणि पुन्हा भरायचे, नदीच्या कोरड्या पात्रातून खांद्यावर वाळू आणून. एक शब्द कुणाला बोलायचे नाहीत.

ते बोलायचे ते एकाच गोष्टीवर, आणि तिने गल्ली त्यांच्यावर खरी बिथरली होती. तात्या "विझव" म्हणायचे.

आपल्यात दिवा विझव असं म्हणत नाहीत. दिवा मालव, दिवा शांत कर, आणि आमच्या भागात तर दिवा वाढव. बांगडी फुटली तर वाढली, नारळ फोडायचा तर वाढवायचा. अशुभ शब्द घरात उच्चारू नये म्हणून त्याच्या जागी चांगला शब्द ठेवायचा, ही आपली रीत. तात्यांच्या घरात हा चांगला शब्द बंद होता. तिन्हीसांजा झाल्या, गल्लीतल्या घराघरातून शुभं करोति चाललेलं असलं, की त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, "कुसुम, स्टो इझव आधी!" आणि झोपायच्या वेळी कुसुमचा स्वच्छ आवाज, "तात्या, दिवा विझवते." पलीकडच्या गोदाबाई कानात बोटं घालायच्या. सासूबाई म्हणायच्या, "त्या घरात लक्ष्मी कशी टिकंल? तिला रोज सांजच्याला हाकलत्यात."

कुसुम ही त्यांची एकुलती एक मुलगी. उंच, सावळी, हसली की वय एकदम कमी दिसायचं. गल्लीतले ब्लाउज शिवायची, शाळा चांगली शिकली होती म्हणून बोलणं नीटस होतं. तिच्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली होती. तिचं लग्न जमत नव्हतं, आणि ते का जमत नाही हे मी एकदा डोळ्यांनी बघितलं.

राहुरीकडचे पाहुणे आले होते. पोहे, चहा, सगळं ठीक झालं होतं, मुलगी पसंत पडल्यासारखी वाटत होती. मी मदतीला गेले होते. संध्याकाळची वेळ, वीज गेली म्हणून कुसुमने कंदील आणून ठेवला, आणि बोलणी चालू असतानाच वीज परत आली. मुलाची आत्या सहज म्हणाली, "वाढवा आता कंदील."

"इझवा म्हना," तात्या म्हणाले.

आत्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अं?"

"कंदील इझवा म्हना. वाढवा म्हनल्यावर वात वर करायची का खाली, कसं कळावं मानसाला?"

आत्याने खणाच्या ताटाला लावलेला हात काढून घेतला. पाहुणे उठले, चपला घालताना त्यांच्यातला एकजण पुटपुटला ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "सोयरीक जुळवायच्या घरात असली वानी." कुसुमने कंदील उचलला, वात खाली केली आणि आत निघून गेली. मला तात्यांचा इतका संताप आला की मी घरी न जाता तिथेच उभी राहिले.

"तात्या," मी म्हटलं, "एका शब्दासाठी पोरीचं आयुष्य घालवताय तुम्ही."

त्यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी सांगितलं. मोठ्याने नाही, रडून नाही, डेपोत साहेबाला वर्दी द्यावी तसं.

कुसुमची आई खेड्यातली, पाथर्डीच्या बाजूची. जन्मभर चूल फुंकलेली. लग्नानंतर तात्यांनी हौसेने पितळी स्टो आणला. गल्लीतला पहिला स्टो. तिला त्याची भीती वाटायची, पण नवऱ्याने आणलाय म्हणून शिकली. पंप मारला की वाढतो, चावी सोडली की बसतो, एवढं तिने पाठ केलं. एका संध्याकाळी स्टो भडकला. तात्यांची आई दुसऱ्या खोलीत कुसुमला पाळण्यात घालून देवापाशी दिवा लावत होती. दारातून तिने जाळ बघितला आणि ओरडली, "वाढव! वाढव गं त्यो!"

"आन तिनं वाढवला," तात्या म्हणाले. "पंप मारला तिनं. सासू सांगती म्हनून. घाबरल्याल्या मानसाला दोन अर्थ सुचत न्हाईत वयनी. जो हाताला म्हाईत आसंल तोच सुचतो."



"माझी ड्युटी हुती. हितनं हाकेच्या अंतरावर बंब हुबा, पाइप हुते, मानसं हुती. लोकांच्या घरची आग इझवायला पगार घेत हुतो मी. आयचं काय चुकलं सांगा. तिन्हीसांजेला, देवापाशी, हातात काडी आसताना 'इझव' कोन म्हनंल? रीत पाळली तिनं. त्याच्यापुढं लई वर्सं जगली म्हातारी, पन कुनाला 'हे कर' म्हनून सांगायची म्हनून न्हाई. पानी पायजे आसलं तरी उठून स्वता घ्यायची."

त्या दिवसानंतर मी त्यांच्यावर रागावले नाही असं नाही. रागावले, पुष्कळदा. पण त्यांना बंब म्हणणं मी सोडलं.

बेलापूरचं स्थळ माझ्या नणंदेने आणलं. शकूवन्सं बेलापूरला दिलेल्या, त्यांच्या घरासमोरच कोळसे नावाचं शेतकरी कुटुंब होतं. आगीला जपणाऱ्या माणसाचे व्याही कोळसे, यावरून गल्लीत हसून झालं. पण मुलगा सरळ होता, साखर कारखान्यावर कामाला, आणि घरात पडवी, बैल, थोडी बागायत. वन्संनी मला आधीच बजावलं, "त्या म्हाताऱ्याला तोंड आवरायला सांग. कोळश्याची मालकीन लई देवाधर्माची हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुम आमच्याकडे शिलाईचं माप घ्यायला आली. माप घेता घेता म्हणाली, "वहिनी, मला हे स्थळ पाहिजे." तिच्या तोंडून कधी "मला पाहिजे" असं मी ऐकलं नव्हतं. टेप तिच्या गळ्यात तसाच राहिला होता आणि ती माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होती.

तात्या घर बघायला बेलापूरला गेले आणि अर्थातच आधी स्वयंपाकघरात शिरले. थोरले कोळसे मनमोकळे, ते हसून म्हणाले, "बघा की पाव्हनं! पोरगी द्यायची म्हंजी बघायलाच पायजे." तात्यांनी तासभर बघितलं. घरी येऊन ओट्यावर टेकले तेव्हा मी विचारलं, "कसं आहे घर?"

"मानसं चांगली हाईत," ते म्हणाले. "छप्पर वाईट हाय. उसाच्या पाचटाचं हाय, खाली सैपाक. एक ठिनगी उडाली तर संपलं."

पण नकार दिला नाही. कुसुमने त्यांच्यासमोर चहा ठेवला, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि कप उचलला. मग महिनाभर त्यांनी एकच ध्यास घेतला, त्या घराला कोणतं यंत्र योग्य. पाण्याचं नाही, कारण स्टो. फेसाचं नाही, ते जड आणि त्याची देखभाल कोण करणार. वायूचं नाही, त्याची टाकी पुरुषालाच उचलेना. शेवटी जुन्या ओळखीतून पुण्याहून भुकटीचं लहान यंत्र आणवलं. रोज सकाळी मागच्या अंगणात कुसुमला ते उचलायला लावायचे. खुंटी काढ, टोपीवर बुक्की मार, जाळाच्या बुडाशी धर, जाळाच्या शेंड्याशी न्हाई. ती न कंटाळता करायची. तिला ते एका हाताने उचलता यायला लागलं तेव्हा तात्या पहिल्यांदा हसलेले मी बघितले.

लग्न भिंगारलाच झालं, दुष्काळामुळे मोजक्या माणसांत, टँकरच्या पाण्यावर. एका बाजूला रुखवत मांडलं होतं. साखरेची तुळस, मण्यांचं तोरण, कुरडयांची चवड, कुसुमने विणलेला लोकरीचा ससा. आणि सगळ्यांच्या मधोमध, जरीची झालर गुंडाळलेलं, लालभडक यंत्र.

मी ते बघितलं आणि पुढे धावले. काढून कुठे लपवावं म्हणेस्तोवर मुलाची आई येऊन उभी राहिली.

"ह्ये काय?"

तात्या पुढे आले. नवीन धोतर, नवीन टोपी, चेहऱ्यावर सगळा आनंद. "ह्ये आमच्याकडनं, इनबाई. आग इझवायचं हाय. तुमच्या घराला ह्येच योग्य, मी सोता बघून ठरीवलंय."

मांडवात, मुहूर्ताच्या वेळी, रुखवतापुढे. आग आणि विझवायचं, दोन्ही शब्द एका दमात. त्या बाई मटकन खाली बसल्या. "माझ्या घराला आग लागावी म्हून आंदन दिलं व्हय वो? आवं, पोरगी देताय का कोळसा करताय आमचा?" बायकांचा गलका झाला. नवरामुलगा मुंडावळ्या बाजूला सारून उभा राहिला. थोरल्या कोळशांचं हसणं पार गेलं होतं. ते तात्यांजवळ येऊन हळू पण ठाम बोलले, "व्याही, ह्ये हितनं न्या. आन एक सांगून ठिवतो. पोरगी आमची झाल्यावर तुमी आमच्या सैपाकघरात पाय ठिवायचा न्हाई. कबूल आसंल तर आंतरपाट धरू, न्हाईतर वऱ्हाड माघारी."

तात्यांनी कुसुमकडे बघितलं. ती बोहल्याशी उभी होती, हिरवा चुडा, हातात हार. तिने काही खूण केली नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तात्यांनी ते यंत्र दोन्ही हातांनी उचललं, झालर जमिनीवर लोळत होती, आणि सरळ आमच्या घरी येऊन वाळूच्या बादलीशेजारी ठेवलं. "ठिवा वयनी," मागोमाग आलेल्या मला म्हणाले, "तुमाला उचलंल." मग परत गेले, आणि मुलाच्या आईपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं."

अक्षता पडल्या. जेवणं झाली. टेम्पो दारात येऊन उभा राहिला, सामान भरायला लागलं. देवकापाशी समई तेवत होती. मुलाची आई तिच्याजवळ गेली, आणि सगळी गल्ली ऐकत असताना तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "व्याही, समईचं काय करायचं?"

तिला तो शब्द ऐकायचा होता. आम्ही सगळ्याच थांबलो. गोदाबाईंनी कानात बोटं घातली नाहीत, उलट मान पुढे काढली. इतकी वर्षं तो शब्द त्यांनी घरात का येऊ दिला नव्हता, ते फक्त कुसुमला आणि मला माहीत होतं.

"वाढवा," तात्या म्हणाले.

बाईंनी समाधानाने फूल घेऊन ज्योत शांत केली. कुसुम हुंदका देऊन रडायला लागली. बायका म्हणाल्या, आई नसलेली पोर, सासरी जाताना रडणारच. मी तिला जवळ घेतलं, पण मला त्या वेळी त्या सगळ्या गर्दीची चीड आली होती.

नंतर तात्यांच्या खोलीतून संध्याकाळी आवाज येईना. एकट्या माणसाने कुणाला सांगायचं, काय विझवायचं? ते गल्लीतल्या बादल्या भरायचे, पण स्वयंपाकघरांत शिरणं थांबलं. कधी दिवसभर कुलूप असायचं. नगरला गेले असतील, असं आम्ही म्हणायचो. बोलायला गेलं तर उत्तर द्यायचे, आपणहून काही नाही. त्यांच्याकडे बघून जीव तुटायचा, आणि करता येण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षी ह्यांची बदली नाशिकला ठरली, आणि जाण्याआधी मी शकूवन्संना भेटायला बेलापूरला गेले.

सकाळची पोचले. वन्संच्या घराकडे वळले तर समोरच्या लिंबाच्या पारावर तात्या. कोट घातलेला, टोपी नीट बसवलेली, मांडीवर कापडी पिशवी. कोळशांच्या घराकडे तोंड करून बसले होते. मी जवळ गेले तरी मान वळवली नाही.

"तात्या? इथे का? आत नाही गेलात?"

"कसं जावं? लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई आजून. नातवंड झाल्यावर." मग थोड्या वेळाने, "आन कबूल केलंय मी."

"कुसुमला माहितीय, तुम्ही आलात ते?"

"ठाव हाय तिला." त्यांनी हाताने मला गप्प राहायची खूण केली. "ऐका."

मला काहीच ऐकू येईना. बैलाच्या घुंगरांचा आवाज, कुणाचं तरी रडकं पोर. मग कोळशांच्या पडवीआडून बारीक, एकसुरी घरघर. स्टो चालू होता. तात्या तो ऐकत बसले होते. आवाज जरा वर गेला की त्यांची बोटं पिशवीवर आवळायची, खाली आला की सुटायची. मी त्यांच्याजवळ पारावर बसले. वन्संनी दारातून बघितलं आणि कपाळाला हात लावला. गावाला हे नवं नव्हतं, हे त्यावरून मला कळलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. घरघर एकदम थांबली. तात्या श्वास धरून पुढे झुकले. पडवीच्या दारात कुसुम आली. डोक्यावर पदर, हातात भाजीची देठं. गोठ्याकडे जाऊन ती तिने गायीपुढे टाकली, आणि परत जाताना क्षणभर थांबली, आमच्याकडे पूर्ण तोंड करून. दोन्ही हात पदराला पुसले, बांगड्या कोपराकडे सारल्या, हात उलटसुलट करून थोडे पुढे धरले. हाक मारली नाही, हसली नाही. मग आत गेली.

"बरी हाय," तात्या म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले, पिशवी खांद्याला लावली. "येतो वयनी. एस्टी चुकंल."

"दर आठवड्याला येता?"

"जमंल तवा." दोन पावलं गेले आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळचा बी सैपाक आसतोच की. पन मुक्कामाला कुटं ऱ्हानार?"

आणि उन्हातून स्टँडच्या दिशेने चालायला लागले.